निकालाखाली प्रशिक्षकाचं नावही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर लेले मैदानावरच्या फुटबॉल स्पर्धांच्या बातम्या येतात, त्या मी नेमाने वाचतो. गोल कुणी मारला, कितव्या मिनिटाला मारला, पंच कोण होते, बक्षीस कुणाच्या हस्ते दिलं, व्यासपीठावर कोण कोण बसले होते, सगळं त्यात असतं. पण तो संघ वर्षभर ज्याने घडवला, त्याचं नाव नसतं. बेळगाव, शहापूर, वडगाव, कॅम्प भागात स्वतःचा खेळ सुटल्यावर पोरांना शिकवणारे कितीतरी जुने खेळाडू आहेत. त्यांच्या वतीने, आणि मीही त्यांच्यातलाच आहे म्हणून, हे पत्र लिहितोय.

सध्या आमच्या पोरांच्या मोबाइलवर तुर्कस्तानचा आर्दा ग्युलर असतो. त्याचे गोल ती मला दाखवतात आणि मी त्यांना त्याच देशातल्या एर्तुग्रुल साग्लामची गोष्ट सांगतो. हे नाव त्यांनी ऐकलेलं नसतं. आपल्या वाचकांपैकीही फार थोड्यांनी ऐकलं असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साग्लाम हा 1969 साली झोंगुलडाकला, म्हणजे कोळशाच्या खाणींच्या गावात जन्मलेला स्ट्रायकर. सामसुनस्पोरकडून त्याने नाव कमावलं. 1994 मध्ये तो इस्तंबूलच्या बेशिक्ताशकडे गेला आणि पहिल्याच मोसमात संघाबरोबर लीग विजेता झाला. राष्ट्रीय संघातही खेळला. शेवटी पुन्हा सामसुनला जाऊन त्याने बूट काढले आणि प्रशिक्षक झाला. कायसेरीस्पोरला 2006 मध्ये इंटरटोटो चषक या पात्रता स्पर्धेतून युरोपच्या स्पर्धेत नेलं. 2007 मध्ये बेशिक्ताशने त्याला बोलावलं. ज्या क्लबसाठी गोल मारले, त्याच क्लबच्या बाकावर तो प्रशिक्षक म्हणून बसला.

आणि तिथे त्याच्यावर काय वेळ आली! 24 ऑक्टोबर 2007 ला बेशिक्ताशने चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत, इस्तंबूलमध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूलला 2-1 ने हरवलं. पुढच्याच सामन्यात, 6 नोव्हेंबरला, लिव्हरपूलच्या मैदानावर 8-0 ने मार खाल्ला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा सव्वा वाजला होता. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मी तो सामना बघत होतो. लिव्हरपूलच्या बेनायूनने तीन गोल मारले. सहावा गोल झाल्यावर घरातले उठून झोपायला गेले, मी शेवटपर्यंत बसलो. चॅम्पियन्स लीगमधला तो तोवरचा सगळ्यात मोठा पराभव होता. असा पराभव झाला की प्रशिक्षकाच्या कपाळावर शिक्का बसतो. तरी क्लबने त्याला लगेच काढलं नाही. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, युक्रेनच्या मेटालिस्टकडून हरल्यावर, तो पायउतार झाला. त्याच्या जागी मुस्तफा डेनिझली आला. हाही जुना फॉरवर्ड, इझमीरच्या आल्तायकडून वर्षानुवर्षं खेळलेला. त्याने त्याच मोसमात बेशिक्ताशला लीग जिंकून दिली. गालातासाराय, फेनेरबाहचे आणि बेशिक्ताश या इस्तंबूलच्या तिन्ही मोठ्या क्लबना विजेतेपद मिळवून देणारा पहिला प्रशिक्षक तो.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. आठ गोल खाल्लेल्या साग्लामला जानेवारी 2009 मध्ये बुर्सास्पोरने हाक मारली. बुर्सा हे रेशमाचं आणि मोटारींच्या कारखान्यांचं शहर. शहापूर-वडगावचे माग आणि उद्यमबागच्या फाउंड्र्या ज्याने पाहिल्यात, त्याला ते परकं वाटणार नाही. तिथल्या संघाने कधीच लीग जिंकली नव्हती. इस्तंबूलबाहेर हे फक्त त्राब्झोनच्या संघाला जमलं होतं, आणि तेही शेवटचं 1984 मध्ये.

16 मे 2010 ला मोसमाचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा फेनेरबाहचेचे 73 गुण होते, बुर्साचे 72. बुर्साच्या मैदानावर समोर कोण, तर बेशिक्ताश. साग्लामचा जुना क्लब, आणि बाकावर त्याची जागा घेतलेला डेनिझली. बुर्साने 2-1 ने सामना जिंकला. तिकडे फेनेरबाहचेला त्राब्झोनने 1-1 असं अडवलं. त्राब्झोनचा तो गोल बुराक यिल्माझचा. साग्लाम बेशिक्ताशला असतानाच, जानेवारी 2008 मध्ये, क्लबने याच बुराकला अदलाबदलीत दुसरीकडे दिलं होतं. पुढे तोही प्रशिक्षक झाला. फेनेरबाहचेच्या स्टेडियमवर बुर्साचा सामना 2-2 सुटल्याची चुकीची घोषणा झाली, लोक मैदानात उतरून नाचू लागले, आणि खरा निकाल कळला तेव्हा सगळं संपलं होतं. बुर्सा 75, फेनेरबाहचे 74.

त्यानंतरची बुर्साची चॅम्पियन्स लीग काही चांगली गेली नाही, सहा सामन्यांत एकच गुण मिळाला. पुढे कर्जाने क्लब पार चौथ्या श्रेणीपर्यंत घसरला. पण 2010 चं ते विजेतेपद कुणी पुसू शकत नाही.

मी स्वतः उद्यमबागेत लेथवर काम करतो. तरुणपणी फॉरवर्ड खेळलो. संध्याकाळी पाळी सुटली की हात धुऊन पोरांकडे मैदानावर जातो. काही वर्षांपूर्वी एका मंडळाचा संघ माझ्याकडे होता. भर पावसात, तांबड्या चिखलात उपांत्य सामना झाला आणि आम्ही 5-0 ने हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाचे दोघे वर्कशॉपच्या दारात उभे. त्यांनी जर्सीची पिशवी मागितली, चेंडूचा पंप मागितला आणि निघून गेले. कुठे चुकलं, पोरं कशी आहेत, पुढे काय करायचं, एक शब्द नाही. त्या संघातली निम्मी पोरं त्याच वर्षी खेळायची बंद झाली, याचं मला आजही वाईट वाटतं.

जुना फॉरवर्ड पोरांना काय देऊ शकतो, ते एका उदाहरणाने सांगतो. फॉरवर्डचं सगळं आयुष्य बॅककडे, म्हणजे समोरच्या बचावपटूकडे, बघण्यात जातं. बाजूने क्रॉस, म्हणजे गोलसमोर मारलेला चेंडू, यायला लागला की बॅकची मान चेंडूकडे वळते. मान वळली की पाठीमागचा माणूस त्याला दिसत नाही. फॉरवर्डने निघायचं ते त्याच क्षणी, आधी नाही आणि नंतर तर नाहीच. माझ्याकडे वडगावचा एक पोरगा राइट बॅक खेळतो. त्याच्या घरी यंत्रमाग आहे. अंगाने दणकट, पण नेमकं त्याच्याच पाठीमागून गोल व्हायचे. त्याला आठवडाभर मी फॉरवर्ड खेळवलं. समोरच्या बॅकची मान कधी वळते एवढंच बघायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तोच येऊन म्हणाला, "काका, मी पण असाच बघत बसत असतो काय ओ?" आता क्रॉस यायच्या आधी तो दोनदा खांद्यावरून मागे बघतो. यात माझी काही मोठी विद्या नाही. पण हे शिकायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ शिकवणाऱ्याला मिळाला पाहिजे.

मंडळांना माझी विनंती आहे की स्पर्धेच्या खर्चात बक्षिसं, मंडप, साउंड सिस्टीम यांचा हिशेब धरता, तसाच एका जुन्या खेळाडूच्या डी लायसन्सचाही धरा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षणातल्या सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी ती एक आहे. फी, प्रवास आणि बुडालेला रोज असं सगळं मिळून कामगार माणसाला ते एकट्याने झेपत नाही. आणि ज्याला नेमाल त्याला एका पराभवावर काढू नका. दोन मोसम तरी द्या.

आपल्याकडे मागणं एवढंच. पुढच्या स्पर्धेपासून निकालाखाली दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांची नावं छापा, जिंकलेल्याचं आणि हरलेल्याचंही. जागा एका ओळीची लागेल. नावं गोळा करायचा त्रास आपल्या वार्ताहराला होणार नाही. रोजचे सामने संपले की दोन्ही बाकांवरून नावं लिहून घेऊन त्याच संध्याकाळी त्यांच्या हातात द्यायचं काम मी करीन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक जुना फॉरवर्ड, शहापूर, बेळगाव