पंधरा ऑगस्ट ते गणपती: आमच्या लॉनच्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, पाणी घातलंस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय मिनेसोटात नवं घर घेतलेली आपली मंडळी दर उन्हाळ्यात लॉनबद्दल तेच तेच विचारतात, त्यांनाही परस्पर उत्तर मिळेल.

आमच्या प्लिमथच्या घराला बिल्डरने अंथरून दिलेलं गवत होतं. एप्रिलमध्ये बर्फ गेला की राखाडी चट्टे, जुलैत सगळं पिवळं, आणि उत्तरेच्या भिंतीलगत नुसती माती. दारावर आलेला लॉन कंपनीचा माणूस वर्षाचं पॅकेज गळ्यात मारत होता: बुरशीनाशकाची फवारणी, तणनाशक, वरचेवर खत. तुम्ही चहाला आला होतात. त्याचं सगळं ऐकून घेतलंत, मग गॅरेजमधला स्क्रूड्रायव्हर उचलून मागच्या अंगणात गेलात आणि जमिनीत खुपसायला लागलात. दोन बोटंसुद्धा आत जाईना. "याला औषध नको, हवा पाहिजे," एवढंच म्हणालात. पॅकेजचे पैसे वाचले ते तिथेच.

राहुरीला शेतकी शिकलेला माणूस शेजारी असावा, हे आमचं नशीब. घर बांधताना वरची काळी माती खरवडून नेतात, खालच्या चिकण मातीवर अवजड यंत्रं फिरतात आणि त्या दडपलेल्या थरावर गवताच्या गुंडाळ्या उलगडतात, हे आम्हाला कोण सांगणार? सप्टेंबरात भाड्याने एरेटर, म्हणजे जमिनीला भोकं पाडून आत हवा खेळवणारं यंत्र, आणला, तेव्हा लॉनभर मातीच्या बोटाएवढ्या कांड्या पडल्या. त्यातली एक तुम्ही चिमटीत धरून मोडलीत. पांढरी मुळं वरच्या इंचभरातच घुटमळलेली, खाली कोरडी पिवळट माती. "आता कळलं जुलैत का पिवळं पडतं?" कळलं, काका.

राखाडी चट्ट्यांचंही तसंच. बर्फाखाली वाढणारी ती बुरशी ऊन-वारा लागला की आपोआप थांबते. वाफसा आल्यावर, म्हणजे जमिनीतलं जास्तीचं पाणी निथळल्यावर, दाताळ्याने हलक्या हाताने गवत मोकळं करायचं, बस. वाफसा येण्याआधी ओल्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही, यावर तुम्ही मुलांनाही दटावलंत. ऑक्टोबरात पानं न झाडता लॉन बर्फाखाली जाऊ दिलं तर बुरशीला आपणच अंथरूण घालून देतो, हे तुमचं वाक्य आता घरात सगळ्यांना पाठ आहे.

खताआधी माती तपासायला लावलीत. वेगवेगळ्या जागची थोडी थोडी माती एकत्र करून मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट पॉल कॅम्पसवरच्या प्रयोगशाळेत पाठवली. अहवालात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर निघालं. तळ्यांत शेवाळ माजू नये म्हणून इथे 2005 पासून राज्यभर, माती परीक्षणात कमतरता दिसल्याशिवाय किंवा लॉन नवं असल्याशिवाय, लॉनला स्फुरद घालायला बंदी आहे. म्हणून खताच्या पिशवीवरच्या नत्र (नायट्रोजन), स्फुरद, पालाश (पोटॅश) या तीन आकड्यांत मधला शून्य असतो. मी ती पिशवी कितीदा तरी उचलली असेल, आकडा कधी वाचला नव्हता. मुख्य खत सप्टेंबरात, तेही मोजून.

पण खरी विद्या पेरणीची. इथे सगळी दुकानं मे महिन्यात बियाण्यांनी भरतात, आणि तुम्ही म्हणता मेमध्ये पेरलं की तण आणि उन्हाळा दोघं मिळून ते खातात. तुमचा नियम: पंधरा ऑगस्टला झेंडावंदन, गणपतीच्या आत बी मातीत. जमीन अजून उबदार, रात्री थंड, तण मावळतीला. (अधिक महिन्यामुळे गणपती उशिरा आले तर मात्र वाट पाहत बसायचं नाही, पंधरा सप्टेंबर ही हद्द.) उन्हात केंटकी ब्लूग्रास, भिंतीच्या सावलीत बारीक फेस्क्यू, आणि मिश्रणात थोडं रायग्रास. राय आठवड्याभरात हिरवं दिसलं, बायको खूश झाली, मी पाइप गुंडाळायला लागलो आणि तुम्ही कुंपणापलीकडून ओरडलात, "अरे, ब्लूग्रास अजून मातीत आहे!" त्याला उगवायला दोन-तीन आठवडे, कधी जास्तही लागतात. तोवर वरची माती ओली ठेवायची, दिवसातून दोनदा, हलकं पाणी. एकदा जम बसला की याच्या उलट: पाणी कमी वेळा पण खोलवर.

कापणीचं थोडक्यात. तीन इंच ठेवायचं, एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापायचं नाही, पात्याला धार, आणि कापलेलं गवत तिथेच पडू द्यायचं म्हणजे नत्र जागच्या जागी परत. जुलैत रंग उतरला तर गवत झोपलंय, मेलेलं नाही. दोन-तीन आठवड्यांतून एकदा थोडं पाणी दिलं की सप्टेंबरात उठतं.

लॉनमध्ये उगवलेला पांढरा क्लोव्हर (पांढऱ्या फुलांची, तीन पानांची बुटकी वनस्पती) उपटायला घेतला तेव्हाही तुम्हीच हात धरलात. तो हवेतलं नत्र जमिनीत आणतो, मधमाश्यांना खाऊ देतो. राज्य सरकार 'लॉन्स टू लेग्यूम्स' योजनेत अशा फुलांसाठी पैसे देतं. समोरच्या बाजूला आम्ही तो ठेवलाय. काही शेजारी नाक मुरडतात. मुरडू देत.

काकूंनाही सांगा, त्यांच्या कुंडीतल्या दुर्वांचं रोप आमच्याकडे खिडकीत छान तग धरून आहे. इथल्या थंडीत ते बाहेर जगायचं नाही, म्हणून यंदा एकवीस जुड्या खिडकीतल्याच.

शनिवारी एरेटर आणतोय. आमचं झालं की तुमच्याही अंगणात फिरवून देतो, नाही म्हणू नका. स्प्रिंक्लरच्या तोट्यांजवळ तेवढे झेंडे रोवून ठेवा, म्हणजे एखादी फुटायची नाही.

आपला,
कुंपणापलीकडचा