आधी दार बंद, मग ओळख

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत जिन्याखाली, पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटमध्ये मांजरांची पिल्लं सापडत राहतात. कुणाला तरी दया येते आणि पिल्लू घरी येतं. घरात आधीपासून एक मनी किंवा बोका असतो. आठवडाभरात पिल्लू देणाऱ्याला फोन जातो, ‘आमची मनी याला घरात घेत नाही हो, परत न्या.’ फोनचीही तसदी न घेणारे पिल्लाला मासळीबाजारापाशी सोडून मोकळे होतात. मनीला दोष देण्याआधी पहिल्या दहा मिनिटांत आपण काय केलं ते आठवून पाहावं, एवढ्यासाठी हे पत्र.

बहुतेक घरांत घडतं ते असं. पिल्लू पिशवीतून काढून थेट हॉलच्या मधोमध ठेवलं जातं. मनीला काखोटीला मारून आणतात, दोघांची नाकं जवळ धरतात आणि कौतुकाने म्हणतात, ‘बघ, तुला भाऊ आणलाय.’ मनी ताठ होते, शेपटी बाटली घासायच्या ब्रशासारखी फुगते, मग एक फिस्कार, धरणाऱ्याच्या मनगटावर ओरखडा आणि मनी कपाटावर. त्या क्षणी तिच्या डोक्यात नवा वास आणि भीती यांची गाठ बसते. ही गाठ सोडवायला पुढे महिना लागतो.

मांजर घर ओळखतं ते नाकाने. येता-जाता सोफ्याच्या कोपऱ्याला, दाराच्या चौकटीला गाल घासतं तेव्हा ते तिथे आपली सही करत असतं. म्हणून तर दवाखान्यातून परत आलेल्या सख्ख्या बहिणीवरही घरातलं मांजर फिस्कारतं. रूप तेच असतं, वास बदललेला असतो. नव्या पाहुण्याची ओळख करून द्यायची ती याच क्रमाने: आधी वास, मग आवाज, मग दर्शन आणि सगळ्यात शेवटी भेट.

नव्यासाठी दार पूर्ण बंद होणारी एक खोली ठेवावी. वन बीएचकेत बेडरूम द्यावी. जाळी नसलेली बाल्कनी मुळीच नको. मनी रोज बेडरूममध्येच झोपत असेल, तर तिची जागा काढून घेऊ नये. अशा वेळी कोरडं बाथरूम चालतं, मात्र आत बादली भरलेली नको. खोलीत एका टोकाला लिटरचा (शी-शूच्या वाळूचा) ट्रे, दुसऱ्या टोकाला खाणं-पाणी आणि मध्ये पुठ्ठ्याचा खोका आडवा. खोक्याला दोन बाजूंनी दोन भोकं पाडावीत, म्हणजे आतला कोंडीत सापडत नाही.

ही खोली निदान १४ दिवस बंद ठेवण्याचं दुसरंही कारण आहे. पॅनल्यूकोपेनिया (मांजरांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूरोग), सर्दीचे विषाणू, गजकर्ण, पिसवा, कानातले किडे, यातलं काहीही पिल्लाबरोबर येऊ शकतं. पॅनल्यूकोपेनियाची लक्षणं साधारण दहा दिवसांत दिसतात, पण विषाणू घरात वर्षभरही टिकतो. त्यामुळे दोघांची भांडी, ट्रे, फावडी वेगळी. नव्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. पिल्लाला ट्राय-कॅट (तीन रोगांवरची एकत्रित) लस ६ ते ८ आठवड्यांपासून, दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत द्यायची असते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. जुन्या मांजराची लस राहिली असेल तर ती नवा येण्याआधी उरकावी. पिसवांचं औषध मांजराचंच आणावं. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, त्याने मांजर झटके येऊन मरू शकतं.

फरशीबद्दल मुद्दाम सांगावं लागतं. फिनेल आणि पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकं मांजरांसाठी विषारी. त्यातली फिनॉलजातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि पंजे चाटताना ती पोटात जातात. शिवाय मनीने महिनोन्‌महिने घासून ठेवलेला वास एका पोछ्यात जातो, तोही नेमका ती अस्वस्थ असताना. रोजची फरशी साध्या पाण्याने पुसावी. विषाणूची शंका असेल तिथे आधी साबणाने धुऊन, मग एक लिटर पाण्यात ३० मिली साधं ब्लीच घालून दहा मिनिटं ओलं ठेवावं, पुन्हा धुऊन कोरडं करावं. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं काही मिसळू नये.

हे १४ दिवस सरले आणि नव्याची तब्येत ठीक आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की वासांची देवघेव सुरू. जुना सुती मोजा हातात घालून नव्याच्या गालांवरून, हनुवटीखालून फिरवायचा आणि मनीच्या ताटलीपासून चार-पाच फुटांवर ठेवून द्यायचा. तसाच मनीचा मोजा नव्याकडे. एकाचा वास दुसऱ्याच्या अंगाला चोळण्याचा आगाऊपणा करू नये. नको असलेला वास अंगावरून काढता येत नाही, मांजर चिडतं. मोजा हुंगून मनी निघून गेली तर उत्तम. फिस्कारली तर मोजा लांब सरकवावा, दोन दिवस थांबावं. मोज्याशेजारी निवांत जेवू लागली की खोल्यांची अदलाबदल करावी: मनी अर्धा तास आत, पिल्लू बाहेर, एकमेकांची गाठ न पडता.

पुढचं काम जेवणाचं. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना, दारापासून सहा फुटांवर दोघांच्या ताटल्या. बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा काटे काढलेला मासा फक्त याच वेळी द्यायचा, एरवी नाही. रोज ताटली अर्धा फूट दाराकडे सरकवायची. मांजर खाता-खाता दाराखालच्या फटीकडे एकटक बघू लागलं किंवा ताटली सोडून गेलं, की ती सरकवण्याची घाई झाली असं समजून मागच्या जागेवर जायचं. दाराला चिकटून दोघं शांतपणे जेवली, तेही सलग तीन दिवस, की दर्शनाची वेळ.

दर्शनासाठी जाळीचं दार असेल तर बरंच. त्यावर आधी चादर टाकावी आणि रोज चार बोटं वर उचलावी. नसेल तर लाकडी दार इंचभर उघडून दोन्हीकडून अडकवून ठेवावं, धक्क्याने सरकता कामा नये. एखाददुसरा फिस्कार चालतो, तो ‘लांब राहा’ एवढंच सांगतो. आवाज न करता रोखून बघणं, कान मागे आडवे होणं, शेपटीचं टोक फटकारणं ही खरी धोक्याची चिन्हं. अशा वेळी मध्ये पुठ्ठा सरकवून नजर तोडायची.

प्रत्यक्ष भेट पहिल्यांदा पाचच मिनिटांची. दोघांना आधी वेगवेगळं दमेपर्यंत खेळवून घ्यावं. भेटीत दोन माणसं, दोन काठ्या-दोऱ्या, प्रत्येकाचं खेळणं वेगळं. कुणालाही उचलून धरू नये. हाताशी उशी किंवा मोठा पुठ्ठा ठेवावा. जुंपलीच तर हात मध्ये घालायचा नाही. मांजराचा दात बारीक पण खोल जातो आणि जखम चिघळते. चावलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, रेबीजच्या लशीचं त्यांना विचारावं. भांडणानंतर चवताळलेल्या मांजराला कुरवाळायला जाऊ नये, ते समोर येईल त्याच्यावर राग काढतं. अंधाऱ्या खोलीत काही तास एकटं सोडावं.

‘भांडू द्या, आपोआप ठरेल कोण मोठं ते’ हा सल्ला हमखास मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. भांडून समेट करण्याची रीत मांजरात जवळजवळ नाही. प्रत्येक मारामारीनंतर वैर घट्ट होतं.

घर शांत दिसलं तरी एक गोष्ट हटकून नजरेतून सुटते. बोका पॅसेजमध्ये नुसता पसरलेला असतो, कुणाला बोट लावत नाही, पण ट्रेकडे जायचा रस्ता तोच असतो. दुसरी बिचारी तुंबवून ठेवते आणि शेवटी गादीवर शू करते, मार तिलाच. म्हणून दोन मांजरांना तीन ट्रे आणि तेही तीन ठिकाणी. ओळीने लावलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच. जेवणाच्या ताटल्याही कायम एकमेकांच्या नजरेआड. उंचावर बसायच्या जागा वाढवाव्यात: कपाटाचा माथा, खिडकीतली फळी, माळा.

नसबंदी दोघांचीही हवी. मात्र बोक्याच्या अंगातला जोर शस्त्रक्रियेनंतर लगेच ओसरत नाही, काही आठवडे जातात.

या काळात दोन लक्षणांकडे दुर्लक्ष नको. बोका पुन्हापुन्हा ट्रेमध्ये बसून जोर करतो आणि थेंबही येत नाही, तर त्याच रात्री दवाखाना. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. आणि जुन्या मांजराने, त्यातून ते लठ्ठ असेल तर, दोन दिवस अन्न सोडलं तर ‘रुसलंय’ म्हणून थांबू नये, यकृतात चरबी साठून कावीळ होते.

किती दिवस लागतात? सुरुवातीचे १४ दिवस सोडून, पिल्लू असेल तर बहुधा दोन-तीन आठवडे, मोठं मांजर असेल तर एक ते तीन महिने, क्वचित त्याहून जास्त. जोडी ठरवताना बोका की भाटी यापेक्षा वय आणि अंगातली मस्ती जुळते का ते पाहावं. दहा-बारा वर्षांच्या म्हाताऱ्या मांजराच्या शेपटीशी दिवसभर खेळणारं तीन महिन्यांचं पोर आणणं अन्यायच.

सगळं करूनही काही मांजरं कधीच गळ्यात गळा घालत नाहीत. एका घरात दोन टोकांना झोपतात, नीट खातात, ट्रे वापरतात. तेवढं पुरे मानावं. पण तीन महिन्यांनंतरही एक जण पलंगाखालून बाहेर येत नसेल, तर दुसरं घर शोधावं आणि ते मिळेपर्यंत खोली वेगळी ठेवावी. पाळलेलं जनावर उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे.

पिल्लं दत्तक देणाऱ्या संस्थांना आणि मंडळींना एक विनंती. ‘घरात आधीचं मांजर आहे का?’ हा प्रश्न अर्जात असतोच. उत्तर ‘हो’ आलं, तर पिल्लू हातात ठेवण्याआधी दार पूर्ण बंद होणाऱ्या खोलीचा फोटो मागावा.

आपल्या,
मांजरं पाळणाऱ्या आणि दत्तक देणाऱ्या काही वाचक, पुणे