बाबा, संध्याकाळची गोळी

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल आई फोनवर म्हणाली, "हे दोन दिवस संध्याकाळची गोळी घेत नाहीयेत." मागून बाबा, तुमचा आवाज आला, "वाढ रोखणारं औषध आहे ते, मी वाचलंय. पोरीचं लिव्हर वाढायला नको का?" मला पुढे बोलवेना, म्हणून फोन ठेवला. मी दिलेला यकृताचा भाग तुमच्या पोटात वाढावा, या काळजीनेच तुम्ही गोळी टाळलीत, हे कळतंय मला. तुम्ही आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलंत, तेव्हा नीट लिहूनच सांगते.

तुम्ही जे वाचलंत ते खोटं नाही, पण ते दुसऱ्या औषधाबद्दल, सिरोलिमसबद्दल आहे. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळालं. पेशीला 'वाढ, दोन हो' असा आतून जो हुकूम मिळतो, तोच ते दाबतं. त्यामुळे जखम भरायला वेळ लागतो, आणि उंदरांचं यकृत कापून केलेल्या प्रयोगांत वाढही मंदावलेली दिसली. यकृत बदलल्यावर लगेच ते दिलं तर यकृताच्या रोहिणीत गुठळी होण्याचा धोका असतो. त्याच्याच जातीचं एव्हरोलिमससुद्धा पहिले तीस दिवस सुरू करत नाहीत. डॉक्टर हे सगळं जाणून आहेत, म्हणून तर तुम्हाला ते दिलेलं नाही.

तुमची गोळी टॅक्रोलिमस. ती 1984 साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूत सापडली. ती पांढऱ्या पेशींमधल्या टी-पेशींना गप्प बसवते. 'हे यकृत परकं आहे, हल्ला करा' ही हाक त्यांच्यात पसरूच देत नाही. यकृताच्या पेशींना दुप्पट व्हायला त्या हाकेची गरज नसते. उंदरांना हे औषध दिलं तेव्हा यकृताची वाढ थांबली नाही, उलट काही प्रयोगांत ती जास्तच झाली. उंदराचं सगळं माणसाला लागू होतं असं नाही, पण तुमची महिन्यानंतरची सोनोग्राफी आठवा. माझा उजवा भाग तुमच्या पोटात किती भरला होता! माझ्याकडे उरलेला डावाही तसाच वाढतोय. कापलेला तुकडा पुन्हा फुटत नाही, उरलेलाच मोठा होतो आणि शरीराला पुरेसा झाला की आपोआप थांबतो. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

मला औषध लागत नाही, कारण माझं यकृत माझ्याच घरात आहे. तुमच्या शरीराला मात्र ते पाहुणं वाटतं. गोळी सोडली तर टी-पेशी त्याच्यावर तुटून पडतील, आणि मग वाढायचं राहिलं बाजूला, आहे तेही खराब होईल. बाबा, तुमची मुलगी म्हणून मला याचीच भीती वाटते.

म्हणून आज हे पत्र वाचलं की लगेच ट्रान्सप्लांटच्या ताईंना फोन करा. किती डोस चुकले ते खरं सांगा, लपवू नका. राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊ नका. त्या रक्त तपासायला बोलावतील. रक्त द्यायचं ते सकाळच्या गोळीआधी, नाहीतर औषधाची पातळी चुकीची येते. आई, गोळी आणि चहाचा थर्मास पिशवीत ठेव, रक्त दिल्या दिल्या तिथेच घेऊ दे. आठ आणि आठ, ही वेळ पाळायची. हात थरथरतात तेही औषधानेच. तेही डॉक्टरांना सांगा, पण मनाने मात्रा कमी करू नका.

आणि एक. अंगणातल्या पपनसाला फळं धरली असतील. गणपतीपुढे ठेवा, पण बाबांना एक फोडही देऊ नकोस, आई. पपनसाने या औषधाची रक्तातली पातळी भलतीच वाढू शकते. त्यांना आवडतं म्हणून तुझा हात पुढे होईल, म्हणून आधीच लिहिते. सगळी शेजारी वाटून टाक.

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते. तोवर रोज आठ वाजता फोन करीन, बाबांनी गोळी गिळल्यावर मगच ठेवीन.

तुमची,
बेबी