साहेब, कॅल्शियमच्या गोळ्या पोचल्या, पाणी कधी?

मा. मंत्रीसाहेब,
सा. न. वि. वि.

परवा दुकानात रुपयाचं नाणं हातातून सुटून काउंटरखाली गेलं. उचलायला वाकलो तर अर्ध्यातच अडकलो, ना खाली ना वर, शेवटी बिस्किटपुडा घ्यायला आलेल्या चौथीतल्या पोरीने हात धरून सरळ केलं. माझं वय 51.

नऊ वर्षं मी संधिवाताचा पेशंट होतो, म्हणजे तसं सांगितलं गेलं. दुखण्याची गोळी, त्याने पोटात आग, मग आगीची गोळी. बायकोने डिंकाचे लाडू केले, तांब्याचं कडंही घातलं, हात तेवढा हिरवा झाला. मग एका डॉक्टरने फरशीवर नाणं टाकलं, म्हणाला गुडघे न वाकवता उचला, हनुवटी छातीला लावा, हात डोक्यामागे न्या. तिन्हीत नापास. एक्स-रे बघून विचारलं, पाणी कुठलं पिता? नऊ वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

फ्लोराईड, साहेब. खडकातून बोअरच्या पाण्यात उतरतं, हाडात जाऊन बसतं, सांधे आखडतात आणि बघणाऱ्याला वाटतं वात आहे. भारतीय मानकात मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरं पाणीच नसेल तर 1.5. आमच्या बोअरला 4 च्या वर आहे म्हणतात, तपासणीचा कागद मागितला की अधिकारी मीटिंगला. पाणी उकळूनही जात नाही, उलट आटल्यावर प्रमाण वाढतं, हे आम्हाला इतकी वर्षं उकळून प्यायल्यावर कळलं.

मागच्या आठवड्यात तुमचं आरोग्य शिबिर झालं. कॅल्शियमची एक स्ट्रिप, एक फोटो आणि सल्ला, दूध घ्या, नाचणी खा. सल्ला चुकीचा नाही हो! जेवणात कॅल्शियम असलं की ते पोटातच फ्लोराईडला धरतं, अंगात कमी जातं. मॅग्नेशियम, क जीवनसत्त्वही लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मुलांना चिंच देऊन बघितली तर लघवीतून फ्लोराईड जास्त बाहेर पडलं. आमच्याकडे पावसाळ्यात बांधाबांधावर तरोटा उगवतो, त्या भाजीतही कॅल्शियम भरपूर, फुकट. चहा आणि काळं मीठ मी बंद केलं, त्या दोन्हीतही फ्लोराईड असतं. पण दूध? ते डेअरीला जातं साहेब, घरात चहापुरतं उरतं, आणि चहाच बंद. म्हण आहे ना, रोग हल्याला, म्हणजे रेड्याला, आणि इंजेक्शन पखालीला, म्हणजे त्याच्या पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीला. इथे औषध पखालीलाच पाहिजे होतं तर तुम्ही हल्याला टोचताय.

फ्लोराईडच्या या आजाराला फ्लोरोसिस म्हणतात, त्यासाठीचा केंद्राचा कार्यक्रम 2008-09 चा. घरोघरी नळाचं जलजीवन मिशन 2019 चं, माणशी रोज 55 लिटर, 2024 पर्यंत, मग म्हणाले 2028. नळ बसला, तोटी चमकते, पोरं खेळतात तिच्याशी. फ्लोराईड काढायच्या मशीनची फीत तुम्हीच कापलीत, चार महिन्यांत बंद, आतलं औषध संपलं म्हणे. फीत मात्र अजून लोंबते आहे.

मग विकतच्या आरओ पाण्याचा कॅन. रोज 20 रुपये, वर्षाला सात हजारांवर, गावात तीनशे घरं, दहा वर्षांचे दोन कोटी झाले की नाही? सगळे घेत नाहीत, मान्य, पण एकाही घराने का घ्यावा? त्यात आरओच्या गाळणीने फ्लोराईडसोबत कॅल्शियम-मॅग्नेशियमही निघून जातं, म्हणजे विकत घेऊन परत तुमच्या स्ट्रिपवरच यायचं. पाणीवाले म्हणतात आरोग्यवाल्यांना विचारा, आरोग्यवाले म्हणतात ग्रामपंचायत, ग्रामपंचायत म्हणते ठेकेदार, आणि ठेकेदार निवडणुकीत तुमच्याच गाडीत बसलेला दिसतो. मत मागताना मात्र घर बरोबर सापडतं सगळ्यांना.

मशीनचं औषध भरा, पाण्याचा रिपोर्ट चावडीवर लावा, अंगणवाडीत चिंच-तरोटा सुरू करा, फ्लोराईडने पोरांचे दात आत्ताच पिवळे आहेत. परवाची ती पोरगी हसली तेव्हा दिसले मला.

नाणं अजून काउंटरखालीच आहे. ती शाळेतून आली की काढून देईल.

आपला,
एक दुकानदार, यवतमाळ जिल्हा