तेरा आणि सव्वीस

देवगड,
२७ मे २०२५

प्रिय सुधीर,

दिवाळीनंतर तुला पत्र नाही, फोन नाही, आणि मधल्या काळात आलेल्या तुझ्या तीन निरोपांची बोळवण मी फोनमधल्या अंगठ्यावर केली, याची मला जाणीव आहे. कामाचा व्याप हे कारण मी देणार नाही, कारण ते तुला पटणार नाही आणि ते खरेही नाही. एप्रिलपासून मी तुझ्यावर मनातून चिडलो होतो म्हणून गप्प होतो. चूक माझी होती हे कळूनही आता पंधरवडा होत आला, पण ते तुला कळवण्याचा धीर होत नव्हता. आज तो कसाबसा गोळा केला आहे.

घरी सगळे ठीक. आईच्या गुडघ्याचे रडगाणे चालू आहे आणि माझा रक्तदाब गोळीच्या धाकात आहे. पुढे.

म्हातारी, म्हणजे संस्थेतला तो जुना डॉसवरचा २८६ संगणक, अजून आहे. गेल्या गणपतीत तिला पाहून तू "हिला आता विसर्जनालाच ने" म्हणालास आणि त्यावरून आपले जे वाजले ते अण्णांना मधे पडून मिटवावे लागले, त्याबद्दल आज पुन्हा वाद घालत नाही. वजनकाट्याचे कार्ड ज्या आयएसए स्लॉटमध्ये (कार्ड बसवायच्या जुन्या खाचेत) बसते तो स्लॉट नव्या यंत्रात मिळत नाही, आणि नानांनी क्लिपर या जुन्या डेटाबेसच्या भाषेत लिहिलेल्या हिशेबाचा मूळ मजकूर नानांबरोबरच गेला. तेव्हा संस्थेच्या दृष्टीने २८६ ही अडगळ नसून गाभाऱ्यातली मूर्ती आहे. पावसाळ्यात तिच्या कपाटात दिवसरात्र दिवा जळतो, तो भक्तीने नव्हे, दमट हवेने पत्र्याला गंज चढू नये म्हणून.

आता मुख्य गोष्ट. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून पेटी कोणाच्या बागेतली हे विचारणारे गिऱ्हाईक वाढले आहे, म्हणून संध्याकाळी बागायतदारवार पेट्यांचा कागद निघावा असे संस्थेला वाटत होते. नानांचा प्रोग्राम बदलता येत नाही, पण त्याने लिहिलेल्या डीबीएफ (नोंदींच्या तक्त्याच्या) फायली बाहेरून वाचता येतात, आणि तशा वाचणारी लुआ भाषेतली तुझी स्क्रिप्ट माझ्याकडे पडून होती. उणीव एवढीच होती की म्हातारीवर लुआ नव्हती. तेव्हा म्हटले, स्क्रिप्ट पुन्हा बेसिकात लिहीत बसण्यापेक्षा आख्खी भाषाच डॉसवर उतरवू. तू हे वाचून कपाळाला हात लावला असशील, हे मला इथून दिसते आहे.

फेब्रुवारीच्या रात्री त्यात गेल्या. यंत्र ३८६ असते तर डीजेजीपीपी या कंपायलरने मेमरीचा प्रश्नच मिटवला असता. २८६ म्हणजे सोळा बिटांचा संसार, चौसष्ट किलोबाइटच्या खोल्या आणि आपला तोच निळ्या पडद्याचा टर्बो सी कंपायलर. लॅपटॉपवर डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये लुआ ५.१ कंपाइल करायची, बुरशी न लागलेली एखादी फ्लॉपी शोधायची आणि ती घेऊन संस्थेत जायचे, असा क्रम होता. मूळ सी फायलींची नावे पाहून मला पहिल्या रात्री भरून आले: एकाचेही नाव आठ अक्षरांपलीकडे जात नाही, त्यामुळे डॉसने एकाही नावाची शेपटी कापली नाही. शिवाय इंट (सीमधला साधा पूर्णांक) सोळा बिटांचा असेल तर काय करायचे हे त्या लोकांनी कॉन्फिगरेशनच्या फायलीत आधीच लिहून ठेवले आहे. रिओच्या विद्यापीठात १९९३ साली ही भाषा जन्मली, आणि त्याच्या आदल्या वर्षापर्यंत बाहेरची संगणकसामग्री आणायला ब्राझीलमध्ये सरकारी आडकाठी होती. मिळत नाही म्हणून आपणच करू या सवयीतून ती आली. समुद्रकाठच्या माणसांचे गोत्र एकच असते, असे मी अण्णांना म्हणालो, तर ते म्हणाले, "तेंच्याकडे आंबे आसत?"

दोन जागी अडलो. पहिली जागा फुटकळ होती: टर्बो सी प्रोग्रामला चार किलोबाइटचाच स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती जागा) देतो, आणि लुआचे शोध-बदल करणारे फंक्शन तिथल्या बफरलाच अर्धा किलोबाइट घेते, त्यामुळे म्हातारी काही न बोलता गोठत असे. स्टॅक बत्तीस किलोबाइटांचा केल्यावर ते थांबले. दुसरी जागा मात्र तुला आवडेल. हंगामाच्या सगळ्या पावत्या, पावतीमागे एक आकडा याप्रमाणे, एका टेबलात भरायला घेतल्या, आणि ४,०९६ पर्यंत सुरळीत चालून ४,०९७ व्या पावतीला 'मागितलेला तुकडा फार मोठा आहे' अशा अर्थाची ओळ आली. लुआची संख्या डबल, म्हणजे अपूर्णांकही धरणारी, असते; तिचे आठ बाइट आणि प्रकाराच्या खुणेचे दोन मिळून कप्पा दहा बाइटांचा होतो. टेबल भरले की ते दुप्पट होते, म्हणजे ८,१९२ कप्पे, म्हणजे ८१,९२० बाइट. खोली तर ६५,५३६ ची. मग संख्येचा प्रकारच डबलऐवजी लाँग, म्हणजे चार बाइटांचा पूर्णांक, केला. कप्पा सहा बाइटांवर आला, ८,१९२ कप्पे ४९,१५२ बाइटांत मावले आणि आपला हंगाम त्यात बसला. अपूर्णांक गेले, पण पैसे पैशांतच मोजायचे ठरवल्यावर अपूर्णांक हवेत कोणाला? लाँगची मर्यादा २ कोटी १४ लाख रुपयांच्या वर येते. तेवढी उलाढाल एका दिवसात झाली तर नवे यंत्र घेऊ, असा ठराव अण्णांनी तोंडी मंजूर केला आहे.

मार्चअखेर कागद निघू लागला आणि मी पंधरा दिवस गावात मान ताठ करून फिरलो. मग १३ एप्रिल उजाडला. संध्याकाळी कागदावर छापून आले की आज १,०९,०५,१९,०४० पावत्या झाल्या, आणि त्यानंतर नुसता कचरा. प्रत्यक्षात त्या दिवशी दोनशेच्या आत पावत्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत. २६ एप्रिलला तर आकडाही आला नाही; नसलेल्या किमतीवर गणित करता येत नाही, एवढे सांगून स्क्रिप्ट मेली. मे महिन्याच्या सहाला पुन्हा तो अब्जावधीचा आकडा, आणि १३ मे रोजी पुन्हा.

काट्यावरच्या बाबल्याने पंचांग काढले. १३ एप्रिल म्हणजे हनुमान जयंतीचा दुसरा दिवस, १३ मे म्हणजे बुद्धपौर्णिमेचा दुसरा दिवस, आणि २६ एप्रिल अमावास्येचा आदला. "पुनवेक नि अवसेक हिच्या अंगात येता," असा निर्णय त्याने दिला, आणि देवाला गाऱ्हाणे घालण्याची तयारी सुरू झाली. लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र, हे मी त्या वेळी तिथे कोणालाही सांगितले नाही. सांगितले असते तर आज संस्थेच्या दारात नारळांचा ढीग असता.

आणि इथे माझा अपराध येतो, सुधीर. गाऱ्हाणे टाळण्यासाठी काहीतरी कारण देणे भाग होते, म्हणून मी चार लोकांसमोर म्हणालो की लुआ मी नीट उतरवली आहे, दोष पुण्याच्या, म्हणजे तुझ्या, स्क्रिप्टमध्ये आहे. एकदा नाही, तीनदा म्हणालो. तुझ्या कामात घाई असते, तू होस्टेलवरही असाच होतास, असेही म्हणालो. मेसच्या आमटीला 'नल पॉइंटर असाइनमेंट' हे टर्बो सीच्या चूक-संदेशाचे नाव ठेवणारा माणूस दुसऱ्याच्या चुका बरोबर दाखवतो पण स्वतःच्या पाहत नाही, हे तर मी हसवण्यासाठी म्हणालो आणि सगळे हसले.

१४ मेच्या रात्री मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बसलो. तेराच्या कागदावर शेवटी ०४०. सहाच्या कागदावर शेवटी ०४१. एवढ्या अगडबंब आकड्यांत फरक एकाचा! भूत असते तर त्याने एवढे अचूक गणित केले नसते. भागाकार केला: १,०९,०५,१९,०४० म्हणजे बरोबर ६५ गुणिले १,६७,७७,२१६, म्हणजेच चौथ्या बाइटाच्या जागी ६५. डीबीएफच्या सुरुवातीला काय असते ते तुला पाठ आहे: एक खुणेचा बाइट, मग वर्ष, महिना, दिवस, मग चार बाइट नोंदींची संख्या, मग शीर्षभागाची लांबी. आपल्या फायलीत रकाने नऊ, म्हणून शीर्षभाग ३२१ बाइटांचा, त्यातला खालचा बाइट (२५६ वजा करून उरलेला) ६५. लांबीचा बाइट संख्येच्या जागेत सरकला होता, म्हणजे त्याच्या आधीचा कोणीतरी एक बाइट गिळला होता. तेरा तारखेला दिवसाचा बाइट तेरा. सहा मेला पावत्या नेमक्या २६९, म्हणजे २५६ अधिक तेरा. तेरा म्हणजे कॅरेज रिटर्न. फाइल मजकूर म्हणून उघडली तर टर्बो सी कॅरेज रिटर्न गाळून टाकतो, आणि सव्वीस म्हणजे कंट्रोल झेड दिसला की फाइल संपली असे समजून थांबतो.

मी उठून रात्रीच संस्थेची किल्ली आणली, डेट हा आदेश देऊन म्हातारीची तारीख २६ केली, नानांच्या प्रोग्राममध्ये एक खोटी पावती टाकली आणि स्क्रिप्ट चालवली. मेली. तारीख २७ केली, आणखी एक पावती टाकली. चालली. बाहेर कुत्री भुंकत होती आणि मी एकटा हसत होतो.

मग स्क्रिप्ट उघडून तुला आणखी दोन शिव्या द्याव्यात म्हणून ती ओळ शोधली. फाइल नुसत्या 'आर'ने, म्हणजे मजकूर म्हणून, उघडलेली होती, 'आरबी'ने, म्हणजे बायनरी (बाइट जसेच्या तसे), नव्हे. सापडलास, असे म्हणून पुराव्यासाठी तुझी मूळ मेल काढली, आणि तिथे, त्याच ओळीत, 'आरबी' लिहिलेले होते. फेब्रुवारीत लॅपटॉपवर तुझी स्क्रिप्ट 'साफ' करताना हा बी मी काढला होता. लिनक्सवर त्याने काही फरक पडत नाही, आणि काही प्रणालींवर तो लागतो असे जे लुआच्या माहितीपुस्तिकेत लिहिले आहे, त्या 'काही प्रणाली' आता कुठे राहिल्या आहेत, असे मला वाटले होते. ज्या प्रणालीसाठी महिनाभर जागलो, तिचेच मला त्या क्षणी स्मरण झाले नाही. तिसऱ्या सत्राला लॅबमध्ये याच अक्षरावरून आपण दोन दिवस बोललो नव्हतो, हेही तुला आठवत असेल. तू म्हणाला होतास, "बी लिहायला काय पैसे पडतात?"

अजून एक कबुली बाकी आहे. त्या रात्री मी तो बी लगेच परत घातला नाही. टर्बो सीमध्ये एफमोड नावाचा एक जागतिक चल आहे. तो बायनरी केला की प्रत्येक फाइल आपोआप बायनरी उघडते आणि स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही. म्हणजे दोष रनटाइममध्ये (स्क्रिप्ट चालवणाऱ्या भागात) होता आणि मी तो शोधून काढला, असे सांगता आले असते आणि बी कोणी काढला हा प्रश्नच उद्भवला नसता. तसे केलेही. सकाळी बागायतदारांची यादी वाचेना. ती यादी डॉसच्या एडिटमध्ये केलेली साधी मजकुराची फाइल आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी आता कॅरेज रिटर्न चिकटून येत होता, आणि १०१ क्रमांकाचा बागायतदार '१०१ अधिक एक अदृश्य अक्षर' याच्याशी जुळत नव्हता. माझी लबाडी म्हातारीने सात तासही टिकू दिली नाही. एफमोड पुसला आणि तुझा बी जागेवर ठेवला.

अण्णांना सगळे सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "म्हणजे काढलंस तू, आणि बोल लावलंस तेका." बाबल्यालाही सांगितले, पण तो अजून पौर्णिमेवर ठाम आहे.

काल सव्वीस तारीख होती, दुपारनंतर अमावास्याही लागली होती, यंदा मे महिन्यातच आलेला पाऊस पत्र्यावर कोसळत होता, दोनदा वीज गेली, आणि कागद सरळ निघाला. पावसाने शेवटची काढणी धुऊन नेली, त्यामुळे कागदावर अवघ्या अठरा पावत्या होत्या, पण त्या अठराच होत्या. आणखी एक सांगतो: नानांचा प्रोग्राम वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहितो. आपल्या फायलींत सध्या तिथे २५ आहे. हा बी असाच गळलेला राहिला असता तर येत्या जानेवारीपासून, तिथे २६ आल्यावर, वर्षभर रोज अमावास्या होती.

मुक्ताचा बारावीचा निकाल अण्णांकडून कळला. तिला माझे अभिनंदन सांग. नव्या घराचा पत्ता पाठव. वहिनींना नमस्कार. पाच डझनांची एक पेटी परवाच्या गाडीने पाठवली आहे, अढीत आठ दिवस ठेव, घाई करू नकोस.

आणि तुझी मूळ फाइल आता नीट वाचली तेव्हा दिसले की खाली, मेमोची (लांब मजकूर वेगळा ठेवणारी) फाइल जिथे उघडली आहे, तिथे तूही नुसता 'आर'च लिहिला आहेस. आपल्याकडे मेमोचा रकाना नाही म्हणून ते कधी उघडकीला आले नाही. ती ओळ मी तशीच ठेवली आहे. गणपतीला येशील तेव्हा म्हातारीसमोर बसून, अण्णांच्या देखत, तूच दुरुस्त कर.

तुझा,
विनय