बंड्याचे बूट माळ्यावर टाकू नका

लेस्टर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फुटबॉल अकॅडमीनं बंड्याला परत पाठवलं तसं तुम्ही फोनवर निकाल देऊन मोकळे झालात. म्हणे, सोळाव्या वर्षी नको झालेला पोरगा पुढं काय खेळणार! दादाही गप्प. फोनवर तुमच्यापुढं माझं काही चालत नाही, म्हणून लिहितेय.

आमच्या इथं लेस्टर क्लबाकडून खेळलेल्या फुटबॉलर जेमी व्हार्डीचं ऐका. शेफील्डचा पोरगा. शेफील्ड वेन्सडे क्लबानं त्यालाही सोळाव्या वर्षीच काढलं. का, तर अंगानं लहान. मग स्टॉक्सब्रिज नावाच्या छोट्या क्लबात आठवड्याला ३० पौंडांवर खेळायचा आणि पोटासाठी कारखान्यात, हातापायांना आधाराला लावतात ते स्प्लिंट बनवायचा. गुणाचा होता असंही नाही. मारामारीत शिक्षा झाली, पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा बसला, संध्याकाळी ठरल्या वेळेला घरात हजर. सामना लांब असला की तासाभरात मैदान सोडून घर गाठायचं. (आई, एवढं बंड्याला वाचून दाखवू नकोस.)

२०१२ मध्ये लेस्टरनं त्याला फ्लीटवुडकडून १० लाख पौंडांना घेतलं, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. पहिला सीझन इतका वाईट गेला की फुटबॉलच सोडायला निघाला होता. मॅनेजर नायजेल पिअर्सननी समजूत काढली. आणि २०१५-१६ मध्ये प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वांत वरच्या स्पर्धेच्या, लागोपाठ ११ सामन्यांत गोल, सीझनचे २४, लेस्टर चॅम्पियन! सीझनच्या सुरुवातीला लेस्टर जिंकेल या पैजेवर बुकी एका पौंडाला पाच हजार पौंड द्यायला तयार होते.

तुम्ही स्वतः फॉरवर्ड खेळलात, म्हणून सांगते, त्या अकरांतल्या शेवटच्या सामन्यातला गोल बघाच. मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा. दादा मोबाईलवर लावून देईल. चेंडूकडे नका बघू, व्हार्डीकडे बघा. शेवटच्या डिफेंडरच्या खांद्याला लागून असतो आणि त्याच्याच टीममधल्या फुक्सचा पास येतो तेव्हा हा सुटलेला असतो. पायात काही जादू नाही, नुसती वेळ साधतो. ही नजर वयाबरोबर जात नाही. २०१९-२० मध्ये, तेहतिशीत, लीगमध्ये सर्वांत जास्त गोल त्याचेच होते, २३. मे २०२५ मध्ये लेस्टरच्या मैदानावर निरोप घेतला, त्याच दिवशी क्लबासाठी ५००वा सामना आणि २००वा गोल.

बंड्या व्हार्डी होईल असं मी म्हणत नाही. अकॅडमीतून काढलेली बहुतेक पोरं पुन्हा कुठं दिसत नाहीत, हे मलाही कळतं. पण व्हार्डीनं कारखाना धरला तरी मैदान सोडलं नाही. आणि तुम्ही तरी काय केलंत? आईच सांगते, ड्युटी सुटली की डबा सायकलला तसाच अडकवून ग्राउंडवर. मग बंड्यालाच एक काहीतरी निवड असं का? दादा म्हणतो तसं आयटीआयला घाला, आणि संध्याकाळी तालमीच्या फुटबॉल टीमच्या पोरांत सोडा. पेठेपेठेत टीम असलेल्या कोल्हापुरात त्याला खेळायला जागा नाही, असं निदान तुम्ही तरी म्हणू नका. तालमीतल्या जुन्या मंडळींशी तुम्हीच बोला, दादाच्या शब्दाला तिथं कोण विचारतंय.

आई, बंड्याच्या पायाचं माप कळव, दिवाळीला येताना बूट आणते. आणि बाबांना बीपीची गोळी डोळ्यांसमोर घ्यायला लाव, हातात दिली की खिशात टाकतात.

तुमची,
धाकटी