निकालाचा टक्का छापता, पोरं शिकली किती ते पण विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निकाल लागले की पेपरात दरवर्षी ठरलेली बातमी येते, अमक्या कॉलेजचा निकाल इतके टक्के, तमक्याची उज्ज्वल परंपरा कायम, आणि खाली पेढे भरवतानाचा फोटो. पोरांचं कौतुक झालंच पाहिजे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तीन वर्षांत ती नेमकं काय शिकली ते त्या टक्क्यातून कळत नाही, आणि तेच शोधण्यात ज्यांनी सगळी नोकरी घातली अशा प्राध्यापकांवर कुठं चार ओळी छापून आलेल्या मी तरी बघितल्या नाहीत. म्हणून लिहितोय.

मी अर्थशास्त्र शिकवायचो, आता रिटायर झालोय. आमच्या डिपार्टमेंटला एक सर होते, नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही म्हणून देत नाही. कागल, राधानगरीकडनं एसटीनं येणारी पोरं-पोरी आमच्याकडे जास्त. तास संपायला पाच मिनिटं राहिली की सर अर्धा अर्धा कागद वाटायचे, नाव लिहायचं नाही, एकच प्रश्न. त्यातला एक मला अजून पाठ आहे. गणपतीच्या आधी गुळाची मागणी वाढते म्हणून भाव वाढतो, भाव वाढला की मागणी कमी होते, मग भाव परत पहिल्यासारखा होणार का? निम्म्याहून जास्त पोरं ठोकून लिहायची, हो होणार. आता गंमत बघा, हीच पोरं परीक्षेत 'मागणीतील विस्तार-संकोच आणि वृद्धी-ऱ्हास यातला फरक स्पष्ट करा' आलं की मधे रेघ मारून, दोन्हीकडे मुद्दे घालून, दोन आकृत्या काढून चांगले मार्क घेऊन जायची. सणामुळं मागणीचा अख्खा वक्रच उजवीकडे सरकतो आणि भावामुळं होणारी घट ही त्या नव्या वक्रावरची हालचाल असते, म्हणून भाव परत पहिल्यासारखा होत नाही, हे गाइडमधून पाठ होतं पण बाजारातल्या गुळाला लावता येत नव्हतं.

सर ते कागद स्टाफरूममध्ये घेऊन बसायचे आणि चूक कुठल्या जातीची आहे तसे गठ्ठे लावायचे. भाव आणि मागणी गोल गोल फिरवणाऱ्यांचा एक गठ्ठा, आकृतीत अक्षच उलटे घेतलेल्यांचा दुसरा, आणि उत्तर बरोबर पण कारण लिहिता आलं नाही त्यांचा तिसरा, जो सरांना सगळ्यात महत्त्वाचा वाटायचा. पुढचा तास त्यातनंच सुरू व्हायचा. मग तोच प्रश्न थोडा फिरवून शेवटच्या वर्षाला परत विचारायचे, आणि किती पोरांचं सुधारलं ते रजिस्टरला लिहून ठेवायचे, कुणी मागितलं नसताना.

एकदा सरांनी काही जुन्या उत्तरांच्या झेरॉक्स काढल्या, मार्क झाकून आम्हा सगळ्यांना वेगवेगळं तपासायला दिल्या. एकाच उत्तराला एकानं दहापैकी चार दिले आणि दुसऱ्यानं आठ. जाम वाद झाला त्या दुपारी. पण त्यानंतर आम्ही एकत्र बसून कशाला किती मार्क द्यायचे ते आधी लिहून काढायला लागलो, आणि माझं तपासणं त्यानंतर खरंच बदललं.

हे काही नवीन खूळ नाही. राधाकृष्णन आयोगानं १९४८-४९ मध्येच म्हणून ठेवलंय की विद्यापीठ शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षेची सुचवू. १९९४ ला कॉलेजांचं मूल्यांकन करणारं नॅक आलं, आता नवीन शैक्षणिक धोरण २०२० सालचं, त्यातही सतत मूल्यमापनावर भर आहेच. कागदावर सगळं बरोबर आहे हो. पण बऱ्याच ठिकाणी काय होतं की नॅकची कमिटी येणार म्हटल्यावर सीओ-पीओचं, म्हणजे विषयातनं आणि पदवीतनं पोरांना काय यायला पाहिजे त्याचं, एक्सेल भरायचं, ते किती साधलं त्या अटेनमेंटचा आकडा जुळवायचा, इंटर्नलचे मार्क सगळ्यांना जवळपास सारखे टाकायचे आणि फाइल कपाटात. ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं शिकण्याच्या पायऱ्या १९५६ ला मांडल्या, आपण प्रश्नाच्या पुढं लेव्हल चार, म्हणजे विश्लेषण, असं लिहितो आणि प्रश्न असतो टीपा लिहा. याचा मला मनापासून राग येतो, कारण पोरांची वर्षं त्यात जातात.

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत पोरं काय शिकली ते तपासायच्या कामाला स्वतंत्र ऑफिस असतं, त्यात माणसं अख्खं करिअर करतात. मिलवॉकीच्या अल्व्हर्नो कॉलेजनं १९७३ पासून सगळा अभ्यासक्रमच विद्यार्थ्याला काय करता येतं यावर बसवला. आपल्याकडे सरांना प्रमोशनच्या मुलाखतीत विचारलं गेलं, रिसर्च पेपर किती? इतक्या वर्षांची रजिस्टरं त्यांनी सोबत नेली होती, ती कुणी उघडूनही बघितली नाहीत.

शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांनी प्रत्येक डिपार्टमेंटला एका शिक्षकाचे आठवड्याचे दोन तास कमी करून एवढंच काम द्यावं असं मला वाटतं. पैसा फारसा लागत नाही, अर्धा कागद आणि वेळ लागतो. प्रमोशनच्या वेळी या कामाला रिसर्च पेपरइतकंच वजन मिळालं तर तरुण प्राध्यापक आपणहून पुढं येतील, तशी पोरं आहेत, मी बघितलीत.

आणि आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. यंदा निकालाची बातमी घ्यायला जाल तेव्हा प्राचार्यांना टक्का विचाराच, पण त्याबरोबर हेही विचारा की पहिल्या वर्षाला पोरांना न येणारा आणि तिसऱ्या वर्षाला यायला लागलेला एखादा प्रश्न दाखवा, आणि ते तुम्हाला कशावरनं कळलं ते सांगा. ज्या कॉलेजकडं उत्तर असेल त्याची बातमी फोटोसकट छापा.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
राजारामपुरी, कोल्हापूर